परक्याचा भूतकाळ : घरमालक आणि अभ्यासक यांच्यातील एक संवाद

परक्या देशात नव्याने पोहोचलेल्या माणसाला भाषा, हवामान आणि जेवण यांच्या अडचणी काही महिन्यांत अंगवळणी पडतात. भाड्याचे घर मिळवण्याची अडचण मात्र सवयीने सुटत नाही, कारण तिचा निकाल त्याच्या हाती नसून घराची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्या हाती असतो. घरमालक अनोळखी माणसाकडे आपली बहुधा सर्वांत मोठी मालमत्ता सोपवत असतो, म्हणून त्याला त्या माणसाच्या पुढील वागणुकीची हमी हवी असते. आणि पुढचे कोणालाच दाखवता येत नसल्यामुळे तो मागचे विचारतो. पूर्वी भाडे वेळेवर भरले काय, नोकरी किती दिवसांची आहे, ओळख कोणाची आहे, हे सारे प्रश्न भूतकाळाचे आहेत, आणि नवागत म्हणजे तर असा माणूस की ज्याचा भूतकाळ दुसऱ्या गावी राहून गेलेला असतो.

नागपूरच्या पूर्व भागातील लकडगंज ही वस्ती या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभी राहिलेली आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील सागवान आणि इतर इमारती लाकूड यांच्या व्यापाराने हिला नाव दिले, आणि वखारी व आरा गिरण्या चालवण्यासाठी कच्छ, गुजरात, राजस्थान अशा दूरच्या प्रदेशांतून आलेल्या कुटुंबांनी हिला वस्तीचे रूप दिले. येथील क्वेटा कॉलनी तर बलुचिस्तानातील एका शहराचे नाव आजही बाळगून आहे. त्याच वस्तीतील मुले आता शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी जर्मनी, इंग्लंड, अमेरिका येथे जाऊन भाड्याच्या खोलीसाठी अर्ज करतात, आणि त्यांच्या घरच्यांपैकी काही जण इकडे वरच्या मजल्यावरील खोल्या कोणाला द्याव्यात याचा निर्णय करत असतात.

शास्त्रीय वादपद्धतीत आधी पूर्वपक्ष, म्हणजे खंडनासाठी घेतलेली भूमिका, तिच्या पूर्ण बळानिशी मांडण्याचा दंडक आहे. पुढील संवादात तो दंडक पाळला आहे. त्यातील दोन्ही वक्ते विशिष्ट व्यक्ती नसून भूमिका आहेत : एक, लाकडाच्या व्यापारातून निवृत्त झालेला, खाली स्वतः राहून वरचा मजला आणि जवळच्या फ्लॅट स्कीममधील एक सदनिका किरायाने देणारा घरमालक, दुसरी, त्याच वस्तीत वाढलेली आणि बर्लिनमध्ये काही काळ राहून परतलेली गृहनिर्माण-कायद्याची अभ्यासक.

घरमालक : परदेशातून येणाऱ्या मुलांची तक्रार ऐकली म्हणजे वाटते, बेटा, की तिकडे माणसाला घर मिळत नाही, कागदाला मिळते. येथे कोणी खोली पाहायला आला तर गाव कोणते, काम कुठे, कोणाच्या ओळखीने आलात, एवढी विचारपूस होते, आणि मन भरले तर संध्याकाळी किल्ली हाती पडते. या वस्तीतील जुन्या पिढीकडे कोणता कागद होता? कच्छातून आलेला तरुण नातेवाइकाच्या वखारीत झोपला, एखाद्या वडीलधाऱ्याच्या शब्दावर त्याला खोली मिळाली, आणि त्याने भाडे बुडवले असते तर त्याच्या आधी शब्द देणाऱ्याची अब्रू गेली असती. शब्द देणारा जबाबदार, घेणारा जबाबदार. माणसाने माणसाला ओळखण्याची ही रीत आहे, आणि तिला मागासलेली म्हणण्याचे कारण दिसत नाही.

अभ्यासक : काकाजी, तिकडच्या कागदांबद्दलची तक्रार खोटी नाही, उलट ती पुरेशा तपशिलाने सांगितली जात नाही. जर्मनीत घरमालक अर्जासोबत बहुधा शुफाचा दाखला मागतो. शुफा ही 1927 साली बर्लिनमध्ये सुरू झालेली, लोकांच्या कर्जफेडीची आणि देण्याघेण्याची नोंद ठेवणारी खासगी संस्था आहे, आणि नवागताची तेथे नोंदच नसते. त्याशिवाय गेल्या तीन महिन्यांच्या पगारपत्रकांची मागणी असते. पण पहिला पगारच जमा व्हायचा असतो. आधीच्या घरमालकाने थकबाकी नसल्याचे लिहून द्यावे अशीही अपेक्षा असते. तो घरमालक नागपुरात असतो आणि त्याने आयुष्यात असे पत्र लिहिलेले नसते. याहून कठीण गाठ नोंदणीची आहे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद सरकारदरबारी करावी लागते, आणि 2015 पासून त्यासाठी घरमालकाच्या सहीचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे घराविना नोंदणी नाही, नोंदणीविना करक्रमांक मिळायला उशीर, करक्रमांकाविना पगारातून जास्तीची करकपात, आणि पगारपत्रकांविना पुन्हा घर नाही. त्यात जाहिरातीतील भाडे बहुधा ‘काल्टमीटे’ असते, म्हणजे तापवण्याचा आणि इतर सेवांचा खर्च वगळून सांगितलेले. कित्येक घरांत ओटा आणि शेगडीही नसते, ती भाडेकरूनेच आणायची. या घाईत सापडलेल्या माणसाला ‘मालक परदेशी आहे, अनामत पाठवा, किल्ली टपालाने येईल’ असे सांगून लुबाडणारेही भेटतात.

घरमालक : मग या यातनेचे समर्थन कशासाठी?

अभ्यासक : समर्थन यातनेचे नाही, तिच्या एका गुणाचे आहे. तेथे मागितला जाणारा प्रत्येक कागद आज नसला तरी उद्या मिळवता येतो. तीन महिने काम केले की तीन पगारपत्रके होतात. बँकेत खाते उघडून व्यवहार सुरू झाले की शुफाच्या दप्तरी नाव येते. येथील विचारपुशीत ‘आडनाव काय’ आणि ‘घरी काय शिजते’ हे प्रश्न येतात. त्यांतील पहिल्याचे उत्तर कितीही वर्षे येथे राहून बदलता येत नाही, आणि दुसरा प्रश्न बहुधा पहिल्याचेच उत्तर आडवळणाने काढण्यासाठी असतो. दोन्हीकडे नवागताकडे भूतकाळच मागितला जातो; एकीकडचा कमावता येतो, दुसरीकडचा जन्मासोबत येतो.

येथवर अभ्यासकाचा पक्ष सरळ दिसतो. परंतु घरमालकाचे पुढील म्हणणे त्याच्या मुळावर येते, कारण कागद मागितला जातो म्हणून तो निःपक्षपातीपणे वाचला जातो असे नव्हे.

घरमालक : जर्मनीतील 2017 ची पाहणी तूच वाचायला दिली होतीस. बव्हेरियाची नभोवाणी आणि ‘डेअर श्पीगल’ साप्ताहिक यांच्या पत्रकारांनी दहा शहरांतील घरांच्या जाहिरातींना सारख्याच मजकुराची सुमारे 20 हजार पत्रे पाठवली, फक्त नावे बदलून. ज्या घरांसाठी जर्मन नावाला पाहायला येण्याचे बोलावणे आले, त्यांतील दर चौथ्या ठिकाणी अरबी किंवा तुर्की नाव वगळले गेले. जपानच्या न्याय मंत्रालयाने त्याच वर्षी जाहीर केलेल्या पाहणीत घर शोधणाऱ्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे 39 टक्के लोकांनी परदेशी असल्यामुळे नकार मिळाल्याचे सांगितले. म्हणजे तिकडचा मालकही आडनावच वाचतो. फरक एवढाच की येथील मालक तोंडावर विचारतो आणि तिकडचा पत्राला उत्तर देत नाही.

अभ्यासक : हे मान्य करावे लागते, आणि त्यामुळे कागदाची बाजू दुबळीही होते. पण तो अन्याय मोजता आला, तो कशामुळे? अर्ज लेखी होते, जाहिरात सार्वजनिक होती आणि नाव सोडून बाकी मजकूर सारखा ठेवता आला, म्हणून. लकडगंजात ‘टू-लेट’ची पाटी पाहून कोणी आत जातो, दोन प्रश्नांनंतर ‘खोली कालच गेली’ असे ऐकतो, आणि पाटी महिनाभर तशीच राहते. त्या नकाराची नोंद कोठेही होत नाही, म्हणून त्याचे प्रमाण सांगता येत नाही, आणि प्रमाण सांगता येत नाही म्हणून तो होतच नाही असे म्हणण्याची सोय राहते. तोंडावर विचारण्याचा प्रामाणिकपणा नकाराच्या क्षणी टिकत नाही, काकाजी.

घरमालक : मालकाला दोष देण्याआधी तो असा का झाला हे पाहावे. विदर्भाला मुंबईचा 1947 चा भाडे कायदा लागू नव्हता. येथे मध्य प्रांत व वऱ्हाडचा 1949 चा घरभाडे नियंत्रण आदेश होता. त्या आदेशाप्रमाणे भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वीच भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी काढावी लागे, आणि ती काढता काढता वर्षे जात. रिकामे झालेले घरसुद्धा कळवावे लागे, आणि सरकारी नोकराला किंवा निर्वासिताला ते देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे होता. एकदा आलेला माणूस निघणार नाही हे ठाऊक असताना मालक उंबऱ्यावरच चाळणी लावणार नाही तर काय करील? जर्मनीतही भाडेकरार बहुधा बेमुदत असतो आणि मालकाला ठोस कारणाखेरीज तो संपवता येत नाही. म्हणून तर तिकडे शुफा आणि पगारपत्रके. आतल्या भाडेकरूला दिलेले संरक्षणच बाहेरच्या नवागतासमोर भिंत होऊन उभे राहते.

अभ्यासक : हा या संपूर्ण वादातील सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि जर्मनीपुरता तो बऱ्याच अंशी खरा आहे. निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहत असलेल्या देशाने भाडेकरूला सांभाळले, आणि त्याची किंमत अंशतः नुकत्याच आलेल्यांनी मोजली. परंतु नागपुरात हा मुद्दा तपासून पाहण्याची संधी कायद्यानेच दिली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि 1949 चा आदेश मागे पडला. नव्या कायद्यात ‘लीव्ह अँड लायसन्स’ कराराला, म्हणजे ज्यात घराचा हक्क मालकाकडेच राहतो आणि दुसऱ्याला ठराविक मुदतीपुरती राहण्याची परवानगी मिळते अशा कराराला, स्पष्ट स्थान आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत असावा ही जबाबदारी मालकाची. मुदत संपूनही घर सोडले नाही तर सक्षम प्राधिकाऱ्यापुढे संक्षिप्त चौकशीने ताबा मिळतो आणि तोवर दुप्पट आकार भरावा लागतो. अडकून पडण्याची भीती हेच आडनाव विचारण्याचे कारण असते, तर ती भीती ओसरू लागल्यावर प्रश्नही ओसरायला हवा होता. अकरा महिन्यांचा करार घराघरांत पोहोचला, आणि ‘फक्त शाकाहारी’, ‘फक्त कुटुंबाला’ या अटी मात्र जागच्या जागी राहिल्या.

या उत्तराने घरमालकाच्या हातून कायद्याचा आधार निसटतो, आणि तो अधिक जवळच्या, म्हणून अधिक खऱ्या कारणाकडे वळतो.

घरमालक : करार अकरा महिन्यांचा असला तरी जिना रोजचा आहे. वरच्या मजल्यावरचा माणूस त्याच जिन्याने येतो, त्याच गच्चीवर कपडे वाळत घालतो, त्याच्या रात्रीच्या पाहुण्यांचा आवाज खाली ऐकू येतो. शिवाय सरकारने मालकाला पहारेकरी करून ठेवले आहे : किरायदाराची माहिती पोलीस ठाण्यात द्या, तो परदेशी असेल तर 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवा. कोणाशी एका छपराखाली राहावे एवढे ठरवण्याचा अधिकार स्वतःच्या घरातही उरू नये काय?

अभ्यासक : दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतील. पहारेकऱ्याच्या कामाबद्दल तक्रार रास्त आहे, आणि ती फक्त येथील नाही. इंग्लंडमध्ये 2014 च्या स्थलांतर कायद्याने भाडेकरूचा देशात राहण्याचा हक्क तपासण्याचे काम घरमालकावर टाकले आणि 2016 पासून ते इंग्लंडभर लागू झाले. चूक झाल्यास दंड मालकाला. म्हणून ज्याच्या कागदांबद्दल शंका यावी अशा प्रत्येकाला टाळणे त्याला सोपे वाटू लागले. तेथील उच्च न्यायालयाने 2019 साली ही व्यवस्था भेदभावाला कारण होते असे म्हटले. 2020 साली अपील न्यायालयाने काही भेदभाव होतो हे मान्य करूनही कायदा समर्थनीय ठरवला.

एका छपराखाली राहण्याचा मुद्दा कायद्यांनीही ओळखला आहे. जर्मनीच्या 2006 च्या समान वागणूक कायद्यात, मालक किंवा त्याचे नातलग त्याच आवारात राहत असल्यास आणि विशेष जवळिकीचा संबंध येत असल्यास, सवलत आहे. अमेरिकेच्या 1968 च्या गृहनिर्माण-समता कायद्यातही मालक स्वतः राहत असलेल्या, चारपर्यंत बिऱ्हाडांच्या घराला बऱ्याच तरतुदींतून वगळले आहे. तेव्हा वरच्या मजल्यापुरते तुमचे म्हणणे जगात एकटे नाही. पण फ्लॅट स्कीममधल्या सदनिकेचे काय? तेथे तुम्ही राहत नाही, जिना तुमचा नाही, गच्ची तुमची नाही. तरी प्रश्न तेच विचारले जातात.

घरमालक : तेथे सोसायटीचे लोक बोलतात.

अभ्यासक : बोलतात, आणि कायदा त्यांना फारसे अडवत नाही, हेही खरे. राज्यघटनेच्या कलम 15 मधील भेदभावाची मनाई मुख्यतः शासनावर आहे; त्याच्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे, खासगी घराचा नाही. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याचा नियमही ग्राह्य धरला. म्हणजे नवागताला जर्मनीत दाद मागण्याचा अपुरा का होईना रस्ता आहे. येथे तो रस्ता जवळजवळ नाही. म्हणून येथे मालकाच्या विवेकावर अधिक भार पडतो.

घरमालक : विवेकाचीच गोष्ट असेल तर शब्दाची किंमत मान्य कर. 1883 साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत पोहोचल्या तेव्हा त्यांच्याकडे कोणत्या घरमालकाचा दाखला होता? त्यांचे पती गोपाळराव यांचे पत्र एका मिशनरी मासिकात छापून आले, न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी ते वाचले, पत्रव्यवहार झाला आणि घराचे दार उघडले. कागदी व्यवस्थेत ते कधी उघडले नसते.

अभ्यासक : उदाहरण अचूक आहे, आणि त्यानेच भेद स्पष्ट होतो. मिशनऱ्यांच्या मदतीमागे धर्मांतराची अपेक्षा होती आणि जोशी दांपत्याने ती मान्य केली नाही. कार्पेंटर बाईंनी तशी अट न घालता घर दिले. शब्दाने दार उघडले, पण त्या शब्दामागे जात, धर्म किंवा नाते नव्हते. शिकण्याची इच्छा होती. त्याच्या शेजारी 1917 चे बडोदे ठेवावे. न्यूयॉर्क आणि लंडन येथे राहायला जागा मिळालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आले तेव्हा त्यांना अस्पृश्य म्हणून कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत त्यांना पारशी नाव धारण करून राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशातील शिक्षण, पदवी, संस्थानची नोकरी, म्हणजे कोणताही घरमालक मागेल तो सारा कमावलेला भूतकाळ त्यांच्यापाशी होता. विचारपुशीला त्यातले काही नको होते. तिला जन्म हवा होता. परका देश कोणता आणि स्वतःचा कोणता, हा प्रश्न त्या दिवशी पासपोर्टवरून सुटण्यासारखा नव्हता.

घरमालक : बडोद्याच्या घटनेचे समर्थन कोणी करणार नाही. पण एक गोष्ट शिल्लक राहते, बेटा. भाडे बुडाले, भिंती खराब झाल्या, माणूस रातोरात निघून गेला, तर नुकसान तत्त्वाचे होत नाही, मालकाचे होते. ते कोण भरून देणार?

अभ्यासक : त्यासाठीच अनामत रक्कम असते, आणि तिच्यावर मर्यादा घालून दोन्ही बाजूंना सांभाळता येते. जर्मनीत ती तीन महिन्यांच्या ‘काल्टमीटे’हून अधिक घेता येत नाही, भाडेकरूला ती तीन हप्त्यांत भरता येते, आणि मालकाला ती स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवावी लागते. इंग्लंडमध्ये 2019 पासून बहुतेक घरांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. भारताच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. एवढ्याने सगळा धोका संपत नाही, हे कबूल. पण उरलेला धोका आडनाव विचारल्याने कमी होतो, असे दाखवणारा एकही पुरावा मालकाच्या हाती नाही. ज्याचा उपयोग आहे ते विचारा : नोकरीचे पत्र, महाविद्यालयाचा दाखला, आधीच्या घरमालकाचा दूरध्वनी. शब्दही घ्या, मात्र शब्द देणारा शिक्षक, सहकारी किंवा मालक चालावा, तो जातभाईच असावा ही अट नको.

घरमालक : फ्लॅटपुरते हे मान्य होण्यासारखे आहे. वरच्या मजल्याचा निर्णय मात्र घरातील माणसे करतील.

संवाद येथे पूर्ण सहमतीविना थांबतो, आणि तो तसाच थांबणे योग्य आहे, कारण उरलेला मतभेद खरा आहे. स्वतःच्या घरातील जवळिकीला किती मोकळीक द्यावी यावर वेगवेगळ्या देशांच्या कायद्यांनीही वेगवेगळ्या रेषा आखल्या आहेत. तरीही दोन्ही पक्षांच्या युक्तिवादातून एक कसोटी निष्पन्न होते, जिला घरमालकाच्या बाजूनेही प्रभावी उत्तर मिळालेले नाही : घर देताना घातलेली अट नवागताला स्वतःच्या कृतीने, वाजवी काळात पुरी करता येते काय? पगारपत्रक, अनामत, मागील घरमालकाचे पत्र, रात्री शांतता पाळण्याचे वचन, या अटी या कसोटीला उतरतात; जात, धर्म, वंश आणि जन्मभूमी उतरत नाहीत.

ही कसोटी केवळ घरमालकाला लागू होते असेही नाही. करक्रमांकासाठी नोंदणी आणि नोंदणीसाठी घर अशी साखळी उभी करणारे शासन, करता येण्याजोग्या अटीही व्यवहारात अशक्य करून ठेवते. त्या साखळीची एक कडी सैल करणे, उदाहरणार्थ नोकरी देणाऱ्या संस्थेची किंवा विद्यापीठाची हमी पहिल्या वर्षासाठी पुरेशी मानणे, हे त्या शासनाचे काम आहे. आणि ज्या वस्तीची उभारणीच दुसऱ्या प्रदेशांतून आलेल्या माणसांनी केली, जिची पुढची पिढी आज बर्लिनच्या अर्जात आपले नाव लिहून उत्तराची वाट पाहते, त्या वस्तीतील घरमालकाला ही कसोटी बाहेरून लादलेली वाटण्याचे कारण नाही. आपल्या मुलीला तिकडे कोणते प्रश्न विचारले जावेत असे त्याला वाटते, तेच प्रश्न त्याने आपल्या फ्लॅटसाठी आलेल्या माणसाला विचारावेत, एवढीच तिची मागणी आहे.